‘डीडीआर३ म्हणजे डीडीआर३’ असे सांगून लावलेला ५,१५० रुपयांचा चुना

संगणकाची रॅम (काम चालू असताना वापरली जाणारी तात्पुरती मेमरी) ४ जीबीवरून १६ जीबी करण्यासाठी मी पुण्यातल्या एका दुकानाला एकूण ५,१५० रुपये दिले आणि त्या बदल्यात माझ्या संगणकात पुन्हा तीच जुनी ४ जीबीची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, घेऊन घरी परतलो. ‘तीच’ हा शब्द मी मोजून वापरतो आहे, आणि तो का वापरला ते पुढे येईलच. जुना पण धडधाकट डेस्कटॉप टाकून न देता रॅम वाढवून आणखी चार-पाच वर्षे काढू, असा हिशेब करणाऱ्या माझ्यासारख्या माणसांवरच अशी दुकाने जगतात. तुमच्यापैकी कोणी पुढच्या आठवड्यात याच कामासाठी बाजारात जाणार असेल, तर त्याने हे आधी वाचावे, एवढ्यासाठी लिहितो आहे.

मी कराडला डीटीपीचे, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पाने जुळवण्याचे, काम करतो. दिवाळी अंकांच्या हंगामात पानांची फाइल, जाहिरातींचे फोटो आणि फोटोशॉप एकाच वेळी उघडे ठेवावे लागतात आणि ४ जीबीमध्ये संगणक पानापानाला अडकत होता. यंत्र २०१४ च्या अखेरीस जुळवून घेतलेले आहे. त्यात इंटेलचा चौथ्या पिढीचा कोअर आय५ आणि एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड आहे. रॅमचे स्लॉट दोन असून एकात ४ जीबीची डीडीआर३ (रॅमची एक पिढी, पुढची डीडीआर४) स्टिक होती आणि दुसरा रिकामा होता. बोर्डाच्या माहितीपुस्तकात स्वच्छ लिहिले आहे की प्रत्येक स्लॉटला ८ आणि एकूण १६ जीबी चालते. विंडोज ६४ बिटांची आहे याचीही मी आधीच खात्री केली होती, कारण ३२ बिटांची असेल तर नेहमीच्या घरगुती संगणकात ४ जीबीच्या पुढची रॅम घालून काहीच उपयोग होत नाही. ज्यांनी हे पाहिले नसेल त्यांनी पैसे खर्च करण्याआधी पाहावे.

म्हणजे मी तयारी न करता गेलो, असे कोणी म्हणू नये. जुनी स्टिक काढून, कागदात गुंडाळून नमुना म्हणून बरोबर नेली होती. मदरबोर्डाचा फोटो मोबाइलमध्ये होता, त्यात बोर्डाचे नाव आणि प्रोसेसरची पिढी दोन्ही दिसत होते. डीडीआर३ ला २४० पिना असतात आणि डीडीआर४ ला २८८, दोघांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसतच नाही, हे मला ठाऊक होते. लॅपटॉपची आखूड स्टिक वेगळी, सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम खाचेत बसली तरी साध्या डेस्कटॉपवर चालत नाही, हेही ठाऊक होते. साध्या ग्राहकाने यापेक्षा आणखी काय शिकून जायचे, हे मला त्या दुकानदाराला आणि त्याची बाजू घेणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे आहे.

काउंटरवरच्या माणसाने माझी जुनी स्टिक हातात घेतली, फोटोकडे ओझरते पाहिले आणि आतून हिरव्या पट्टीच्या दोन स्टिक आणल्या. खोके नाही, प्लॅस्टिकचे आवरण नाही, नुसत्या स्टिक. कंपनी कोणती, असे मी विचारले. तो म्हणाला, “काका, डीडीआर तीन म्हणजे डीडीआर तीन. कंपनीच्या नावाचे नुसते पैसे जातात. सोळाशेचा स्पीड आहे, एक वर्ष वॉरंटी आमची.” एका स्टिकचे १,७५०, दोन्हींचे ३,५००. पक्के बिल हवे असेल तर वर १८ टक्के, म्हणजे आणखी ६३० रुपये. माझ्या धंद्यात पानामागे ४० रुपये मिळतात. ६३० रुपये म्हणजे जवळजवळ सोळा पानांची मजुरी. ज्याने हे पैसे बोटे झिजवून मिळवलेले नाहीत त्याने मला ‘बिल का घेतले नाही’ म्हणून शहाणपण शिकवू नये. पावती म्हणून एका चिठ्ठीवर ‘रॅम ८ जीबी, नग २’ एवढेच लिहून मिळाले. डीडीआर३ हा शब्दसुद्धा त्यावर नाही. जुन्या स्टिकचे ४०० रुपये वजा करू, असे त्यानेच सुचवले आणि मी ३,१०० रुपये यूपीआयने दिले. पैसे दुकानाच्या नावावर नाही, कोणा व्यक्तीच्या खात्यावर गेले.

मग त्याने ‘तुमच्यासमोर टेस्ट करून देतो’ म्हटले आणि तो क्षण मला आजही रात्री टोचतो. काउंटरच्या कडेला एक उघडा मदरबोर्ड मांडलेला होता. त्यात दोन्ही स्टिक दाबल्या, संगणक सुरू केला आणि काळ्या पडद्यावर अक्षरे उमटली. त्याने लगेच पडद्यावर बोट ठेवले, “हे बघा, १६३८४. सोळा जीबी पूर्ण.” मी त्या बोटाखालचा आकडा पाहिला. त्याच पडद्यावर, त्या आकड्याच्या वर, प्रोसेसरचे नाव लिहिलेले होते आणि ते एएमडीचे, म्हणजे इंटेलच्या प्रतिस्पर्धी कंपनीचे, होते. मी ते वाचलेसुद्धा. माझा संगणक इंटेलचा आहे हे त्याला फोटोवरून दिसलेले होते आणि मी तोंडानेही सांगितले होते. तरीही त्याने मुद्दाम एएमडीच्या बोर्डावर चाचणी घेतली, कारण त्या स्टिक दुसरीकडे सुरूच होणार नव्हत्या. ग्राहकाची नजर आकड्यावर खिळवून ठेवायची ही सरावाची युक्ती आहे. डीडीआर३ ची एकच जात असते असे मानणारा माणूस त्या वेळी प्रोसेसरच्या नावावरून संशय घेईल तरी कसा? दुकानदाराने रॅम चालवून दाखवल्यावर तीवर विश्वास ठेवू नये, असे जगातला कोणता ग्राहक मानतो?

घरी स्टिक बसवल्या आणि पडदा काळाच राहिला. आतून थांबून थांबून लांब बीप येत राहिले. एकच स्टिक घालून पाहिली, स्लॉट बदलले, सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसल्या, सगळे करून झाले. जुनी स्टिक घालून पाहावे तर ती त्याच्या ताब्यात. इथेच सगळ्यांनी नीट लक्ष द्यावे. नवी रॅम तुमच्या स्वतःच्या यंत्रात चालल्याशिवाय जुनी स्टिक कोणालाही देऊ नका, मग बदल्यात चारशे देवोत की आठशे. जुनी स्टिक हातात असती तर बोर्ड ठणठणीत आहे हे मी एका मिनिटात सिद्ध केले असते. ती बदल्यात घेण्याची त्याची घाई माझ्यावरच्या उपकारापोटी नव्हती, पुढचा डाव त्याच्यावरच उभा होता.

फोनवर उत्तर मिळाले की रॅम तुमच्यासमोर चालली, म्हणजे दोष तुमच्या बोर्डात. कॅबिनेट घेऊन या. अंकाची पाने अडलेली, छापखाना रोज विचारतो आहे, अशा वेळी माणूस वाद घालत बसत नाही. मी कॅबिनेट घेऊन पुन्हा पुण्याला गेलो. ते ठेवून घेऊन संध्याकाळी सांगितले की दोन्ही स्लॉट गेलेले होते, ‘चिप लेव्हल’ला काम करावे लागले, त्याचे १,४५० रुपये. आणि एवढे करूनही या बोर्डाला ८ जीबीच्या स्टिक ‘सूट होत नाहीत’, म्हणून एक ४ जीबीची स्टिक घालून दिली आहे, तिचे ६०० रुपये. हे २,०५० रुपये रोख घेतले. ८ जीबीच्या स्टिक परत घ्या आणि पैसे द्या म्हटल्यावर त्याने मागच्या भिंतीवरच्या पाटीकडे हात केला, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. गल्ल्यासमोर आणखी गिऱ्हाईक उभे होते. त्यांच्यादेखत मला ‘काका, तुमचं मशीनच भंगार आहे, आम्ही काय करणार’ असे ऐकून बाहेर पडावे लागले.

खरा प्रकार कराडला आल्यावर उघड झाला. आमच्याकडे संगणक दुरुस्त करणारा एक तरुण आहे, त्याने कॅबिनेट उघडल्या उघडल्या मला मदरबोर्डाचे स्क्रू दाखवले. दहा वर्षांची धूळ त्यांच्या खाचांमध्ये घट्ट बसलेली होती, एकाही स्क्रूला पेचकस लागलेला नव्हता. बोर्ड बाहेर काढल्याशिवाय स्लॉटची डाखणी करता येत नाही. म्हणजे १,४५० रुपयांची दुरुस्ती झालेलीच नव्हती. मग त्याने ती ६०० रुपयांची ४ जीबीची स्टिक काढली. तिच्या कोपऱ्यात एक छोटा पांढरा कागद चिकटवलेला आहे, त्यावर निळ्या बॉलपेनने ‘११/१४’ लिहिले आहे. माझा संगणक ज्याने पहिल्यांदा जुळवून दिला त्याचे ते अक्षर आहे. माझ्याकडून ४०० रुपयांना घेतलेली माझीच स्टिक मला ६०० रुपयांना विकली होती.

८ जीबीच्या दोन्ही स्टिकवर दुकानाचे ‘वॉरंटी सील, फाटल्यास वॉरंटी रद्द’ असे चिकटपत्र होते. ते फाडल्यावर खालच्या मूळ लेबलवर बारीक अक्षरांत ‘ओन्ली फॉर एएमडी’ छापलेले निघाले. वॉरंटी जाईल या भीतीने ग्राहक सील फाडणार नाही, हे ओळखून नेमक्या त्याच ओळीवर ते चिकटवलेले होते.

हा माल काय असतो ते समजून घ्या, कारण डोळ्यांनी पाहून तो ओळखता येत नाही. संगणक रॅमकडून एका वेळी ६४ बिट घेतो. नेहमीच्या ८ जीबी डीडीआर३ स्टिकवर १६ चिप असतात आणि प्रत्येक चिप ८ बिट देते, म्हणून आठ-आठ चिपांचे दोन गट होतात. माझ्या स्टिकवरही १६ चिपच आहेत, पण त्यांतली प्रत्येक चिप फक्त ४ बिट देते, म्हणून सोळाच्या सोळा मिळून एकच गट होतो. प्रत्येक चिपची क्षमता दोन्हीकडे ४ गिगाबिट, बेरीज दोन्हीकडे ८ जीबी, लांबी, पिना, खाच सगळे तंतोतंत सारखे. पण ४ बिटांच्या चिप मुख्यतः सर्व्हरच्या रॅममध्ये वापरतात आणि इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण करणारा भाग, साध्या रॅममध्ये ८ किंवा १६ बिटांच्याच चिप स्वीकारतो. एएमडीच्या एएम३ आणि एएम३+ सारख्या जुन्या सॉकेटांचे (प्रोसेसर बसवायच्या खाचांचे) बोर्ड त्या चालवून घेतात. असा माल स्वस्तात मिळतो. जुन्या एएमडीवाल्याला खरे सांगून विकला तर त्यात गैर काही नाही, इंटेलवाल्याच्या गळ्यात बांधला तर ती उघड फसवणूक आहे. चिपवरचे आकडे वाचता येत असतील तर तेवढा एक मार्ग आहे: सॅमसंगच्या ४ गिगाबिट डीडीआर३ चिपवर के४बी४जी नंतर ‘०८’ आले तर ती ८ बिटांची, ‘०४’ आले तर ४ बिटांची. मात्र चिपवरची अक्षरे घासून नवी छापणारेही बाजारात आहेत, त्यामुळे त्यावरही डोळे मिटून विसंबू नका.

आता न्याय मागायला गेल्यावर काय झाले ते सांगतो. कराडच्या एका पोलीस चौकीत सांगितले की व्यवहार पुण्यात झाला, तिकडे जा. दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, त्याची माहिती कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिले आहे. मी त्या कलमाचा कागद छापून नेला होता, तो कोणी हातातही घेतला नाही. पुण्यातल्या ठाण्यात मला बाकावर बसवून ठेवले आणि शेवटी एका कर्मचाऱ्याने ऐकवले, “साहेब, वस्तू दिली ना त्याने? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे, ग्राहक कोर्टात जा.” खोटे बोलून, चाचणीचे नाटक करून, न केलेल्या दुरुस्तीचे पैसे घेऊन आणि माझीच वस्तू मला विकूनही जर ती फसवणूक होत नसेल, तर भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ ठेवले आहे तरी कशासाठी? माझा अर्ज घ्या आणि पोच द्या, एवढेच मी मागत होतो. पोच मिळाली नाही. तिथेच एक जण मला म्हणाला की पाच हजारांसाठी एवढी धावपळ करू नका. पाच हजार ही त्याच्या लेखी किरकोळ रक्कम असेल. दुकानदारालाही हेच पक्के ठाऊक असते की एवढ्या रकमेसाठी कोणी मागे लागणार नाही, आणि म्हणूनच तो पन्नास हजारांचा एक डाव न खेळता पाच-पाच हजारांचे डाव खेळतो.

बँकेने सांगितले की यूपीआयचा पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे आम्ही काही करू शकत नाही. मालावर कुठेही किंमत आणि कंपनीचा पत्ता नव्हता म्हणून संबंधित सरकारी कार्यालयात गेलो, तर तिथे उत्तर मिळाले की आमचे नियम वेष्टनबंद मालाला लागतात आणि तुमच्या मालाला वेष्टनच नव्हते. म्हणजे ज्याने वेष्टनच काढून टाकले तो सुटला! बिल देत नाही अशी तक्रार करायला गेलो तर बिल नसल्यामुळे तक्रार कशावर नोंदवायची, असा प्रश्न मलाच विचारण्यात आला. व्यापाऱ्यांच्या संघटनेने हे दुकान आपले सदस्य नसल्याचे सांगून फोन ठेवला. या प्रत्येक टेबलामागच्या माणसाला पगार मिळतो आणि प्रत्येकाने मला पुढच्या टेबलाकडे ढकलले. एकानेही त्या दुकानात फोन लावून ‘हे काय चालवले आहे’ एवढे विचारले नाही. मला फसवणाऱ्याचा राग आहेच, पण फसवला गेलेला माणूस म्हणजे कटकट, या नजरेने पाहणाऱ्या या लोकांचा राग त्याहून कमी नाही.

त्या मानाने कायदा स्पष्ट आहे आणि तो पाठ करून ठेवण्याजोगा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा तशीच प्रथा आहे. पावतीवर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. भिंतीवरच्या पाटीने हे रद्द होत नाही. तक्रार दुकानाच्या गावी जाऊन करावी लागत नाही, ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत २ वर्षांची आहे. वकील असलाच पाहिजे असेही नाही. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्यामुळे छापील किंमत असलेल्या मालावर ‘बिल हवे तर १८ टक्के वर’ असे कोणी म्हणाले तर तिथून उठा. दुकानाचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो आणि तो सरकारी संकेतस्थळावर मोबाइलवरून लगेच तपासता येतो.

शेवटी मी कराडमध्येच, एका नावाजलेल्या कंपनीच्या, खोक्यात बंद असलेल्या ८ जीबी डीडीआर३ १६०० च्या दोन सारख्या स्टिक ३,८०० रुपयांना पक्क्या बिलावर घेतल्या. कॅबिनेट दुकानातच नेले होते आणि माझ्याच बोर्डावर त्या चालवून पाहिल्या. ज्या बोर्डाचे स्लॉट गेले होते आणि ज्याला ८ जीबीच्या स्टिक सूट होत नव्हत्या, त्याच बोर्डावर १६ जीबी लगेच दिसली आणि आजही व्यवस्थित चालते आहे. सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम उघडून त्यातल्या एसपीडी या भागात कंपनी, पार्ट नंबर आणि क्षमता बिलाशी ताडून घेतली, नंतर रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावून ठेवला. तुम्हीही बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. ‘रॅम ८ जीबी’ एवढ्या शब्दांवर कोणताही आयोग तुमची वस्तू ओळखू शकणार नाही. सहाव्या पिढीच्या इंटेलला डीडीआर३ चा बोर्ड असेल तर १.५ व्होल्टची साधी स्टिक घालू नका, त्याला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, आणि हा फरक न सांगता विकणारेही भेटतील. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर कोणती रॅम तपासलेली आहे त्याची यादी असते, ती छापून न्या. नुसती ‘टेस्ट’ दाखवली तर चाचणीच्या यंत्रातला प्रोसेसर कोणता, हे तोंडावर विचारा.

हे निस्तरेपर्यंत एका अंकाची जाहिरातीची पाने दुसऱ्याकडे गेली, त्यात ६,००० रुपयांचे काम बुडाले. ते वरच्या ५,१५० मध्ये धरलेले नाही. जिल्हा आयोगात मी तक्रार दाखल केली आहे. तिच्यासोबत यूपीआयची नोंद, ती चिठ्ठी, सील फाडण्याआधीचे आणि नंतरचे फोटो, धूळ बसलेल्या स्क्रूंचे फोटो आणि दुरुस्ती करणाऱ्या तरुणाचे लेखी निवेदन जोडले आहे. त्या दोन स्टिक विकत घ्यायला एक जण तयार होता, त्याच्याकडे जुना एएमडी आहे. पण पुरावा म्हणून त्या मी पाकिटात बंद करून ठेवल्या आहेत. ज्यांच्याकडे अशाच सील लावलेल्या, बिनखोक्याच्या हिरव्या स्टिक बंद पडून असतील त्यांनी त्या भंगारात टाकू नयेत, आधी सीलखालचे लेबल वाचावे आणि २ वर्षे उलटण्याआधी तक्रार करावी.